पवळ्याच्या वशिंडावरची माशी

रूपराव उमाटे फोटोची मागची बाजू कधी कोरी सोडत नसत. हिंगणीच्या बसथांब्यासमोर त्यांचं दुकान होतं. पुढे एक बाकडं आणि मागे लाल दिव्याची अंधारखोली. तिथून निघालेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर जांभळ्या शाईचा शिक्का असे आणि शिक्क्याखाली निळ्या पेनने नाव, गाव, तारीख, निगेटिव्हचा नंबर. पासपोर्टचा एवढासा फोटो असला तरी हे सारं ते बारीक अक्षरात बसवत.

या सवयीला कारण झालं होतं. १९६६ साली स्थळांसाठी काढलेल्या दोन मुलींच्या फोटोंची पाकिटं त्यांच्या हातून बदलली. देवळीकडच्या मुलाने फोटो पसंत केला, बघायला आला, तर समोर दुसरीच मुलगी पोह्यांची बशी घेऊन उभी. मुलीच्या बापाने भर चौकात जे ऐकवलं ते रूपरावांना पुढे वीस वर्षं तोंडपाठ होतं. "पुढून मानूस दिसते," ते म्हणायचे, "पन कोन हाय ते मागूनच कळते."

दुसरा नियम निगेटिव्हचा. प्रिंट गिऱ्हाइकाची, निगेटिव्ह दुकानाची. टिनाच्या तीन पेट्यांत साऱ्या गावाचे चेहरे नंबरवार ठेवलेले होते. कुणाचा म्हातारा गेला की घरचे रडत यायचे आणि रूपराव पेटीतून त्याला शोधून काढायचे.

त्या पेट्यांत एकच माणूस नव्हता, आणि तोच त्यांचा सगळ्यात जवळचा. नानाजी झाडे. दोघे एकाच वर्षी पाटी घेऊन शाळेत बसले आणि एकाच वर्षी चौथीतून उठले. नानाजींचं शेत बोर धरणाच्या बाजूला, जंगलाला लागून होतं. संध्याकाळी बैल घेऊन परतताना ते दुकानासमोर थांबत, बाकड्यावर बसून चहा घेत, पण कॅमेऱ्यासमोर कधी बसले नाहीत.

"एक डाव बस ना बे नान्या," रूपराव म्हणत.

"काऊन? मले काय फोटोत बसून वखर हाकायचा हाय? फोटो काढला का नजर लागते. मानसाले लागते अन् जित्राबाले तं लागतेच लागते."

त्यांचं जित्राब होतंही नजर लागण्यासारखं. सर्जा आणि पवळ्या अशी जोडी. पवळ्या पांढराशुभ्र, वशिंड असं भरलेलं की पोळ्याला झूल टाकली तरी तेवढं वर दिसे. तोरणाखाली पाटलांच्या जोडीनंतर दुसरा मान नानाजींच्या जोडीचा. वडिलांपासून चालत आलेला हा मान त्यांनी एक वर्षही चुकू दिला नव्हता.

१९७९ च्या जुलैत नागपूरहून एक डॉक्टर जीपने हिंगणीत आले. जनावरांचे डॉक्टर, नाव प्रभाकरराव. गुरांना चावणाऱ्या माश्यांचा त्यांना अभ्यास करायचा होता. धरणाच्या काठाला आणि जंगलाच्या कडेला पावसाळ्यात गोमाश्यांचा सुळसुळाट असतो, म्हणून त्यांनी हे गाव निवडलेलं. गोमाशी एका जनावराचं रक्त पिऊन दुसऱ्यावर बसते आणि सर्रा नावाचा ताप पसरवते, असं त्यांनी समजावून सांगितलं. मेलेल्या माश्या टाचणीला टोचलेल्या त्यांच्याकडे ढीगभर होत्या. त्यांना हवे होते जिवंत माशीचे, चावताना काढलेले फोटो.

"असं काम नागपुरात कुणी करायला तयार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला जमलं तर फोटोखाली तुमचं नाव छापून येईल. छायाचित्र: रूपराव उमाटे."

रूपरावांनी आजवर हजारो फोटोंच्या मागे दुसऱ्यांची नावं लिहिली होती. पुढच्या बाजूला, छापलेल्या अक्षरात, आपलं नाव येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते लगेच हो म्हणाले आणि त्यांच्या बायकोने, कोकिळाबाईंनी, कपाळाला हात लावला. "लोक नवरी-नवरदेवाचे फोटो काढतेत. आमच्या घरी माशीचं लगन हाय."

काम सोपं नव्हतं. त्यांच्याकडे एक जुना रशियन कॅमेरा होता, पण तो एवढ्या जवळचं दाखवेना. मग त्यांनी टॉर्चचं पितळी नळकांडं कापलं, आतून काळा रंग दिला, वर्ध्याच्या एका लेथवाल्याकडून त्याला आटे पाडून घेतले आणि ते कॅमेरा नि भिंगाच्या मधे बसवलं. आता माशी डोळाभर दिसू लागली. पण केसभर पुढेमागे झालं की सारं धुकं. माशी स्थिर हवी, जनावर स्थिर हवं आणि फोटो काढणाऱ्याचा श्वासही स्थिर हवा. गावच्या बैलांनी शेपट्या हाणून हाणून पहिले दोन रोल वाया घालवले.

असा शांत बैल गावात एकच होता.

नानाजी दोन दिवस नाहीच म्हणाले. तिसऱ्या दिवशी रूपराव गोठ्यात गेले, पवळ्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "नान्या, याची आन. फोटो दुकानाच्या काचेत लागनार नाई. तुहं नाव नाई, याचं नाव नाई, गावाचं बी नाव नाई. माशी तेवढी दिसन."

नानाजींनी पवळ्याच्या मानेवरून हात फिरवला. "मुका जीव हाय रूप्या. त्याले काई झालं तं तो सांगाले येनार नाई."

"मी हाय ना."

तीन आठवडे हे काम चाललं. ऊन चढलं की माश्या येत. नानाजी पवळ्याच्या गळ्याखालची लोंबती कातडी खाजवत राहत, आणि बैल डोळे अर्धे मिटून उभा राही. रूपराव कॅमेरा घेऊन त्याच्या अंगाशी अंग लावत. गोमाशी यायची ती आधी घोंगावत फेऱ्या मारायची, मग वशिंडावर किंवा पोटाखाली बसायची आणि तोंडातल्या सुऱ्यांनी कातडी चिरायची. बारीक माश्या बैलाच्या पायांवर डोकं वर करून बसत, त्यांचेही फोटो घेतले. एक फोटो तर रूपरावांनी स्वतःचा डावा हात उघडा ठेवून काढला. तो हात चार दिवस सुजून मुसळासारखा झाला होता. कोकिळाबाईंनी हळद लावता लावता माशीलाही शिव्या दिल्या आणि डॉक्टरांनाही.

"तू लगनात नवरीचं नाक बी इतकं निरखून पाहत नाई," नानाजी म्हणाले. "मंग या रांडेचं तोंड काऊन पाहून राह्यला?"

डॉक्टर हसले. "रक्त फक्त मादी पिते, नानाजी. नर फुलांवर बसतो, रस पितो. मादीला अंडी घालायची असतात, म्हणून तिला रक्त लागतं."

नानाजींची बायको विमलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "बरोबरच हाय. नर फुलावर बसून रस पेते अन् लेकरासाठी मार खाले मादी."

एक दिवस डॉक्टरांनी पवळ्याच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिला. "एकदम स्वच्छ," ते म्हणाले. "दहा गावांत असा एखादा बैल." त्या दिवशी नानाजींची मान पवळ्याच्या वशिंडासारखी वर होती.

ऑगस्टच्या शेवटी डॉक्टर परत निघाले आणि त्यांनी निगेटिव्ह मागितली. फोटो मोठे करायला नागपुरात चांगलं यंत्र आहे, महिन्याभरात परत पाठवतो म्हणाले. रूपराव घुटमळले. मग फोटोखालची ती ओळ आठवली आणि त्यांनी आठही रोलची निगेटिव्ह पाकिटात भरली. सोबत बावीस प्रिंट. प्रत्येक प्रिंटच्या मागे शिक्का मारला, नंबर टाकला, तारीख घातली. नाव-गावाच्या जागी पेन थोडं अडलं. पण तेरा वर्षांची सवय होती. मागची बाजू कोण पाहतं, असं म्हणून त्यांनी लिहिलं: पवळ्या, मालक नानाजी झाडे, मौजा हिंगणी.

"हे मागचं तुमच्या माहितीपुरतं हं डॉक्टर," पाकीट देताना ते म्हणाले. "छापायचं नाही. मी शब्द दिलाय."

"अहो रूपराव, मागची बाजू कुणी छापतं का?" असं म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जीप निघून गेली.

महिना गेला, सहा महिने गेले. रूपरावांनी तीन पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं: काम सुरू आहे, लवकरच आनंदाची बातमी देतो.

१९८० चा पोळा सप्टेंबरात होता. त्याच्या आठवडाभर आधी एक सरकारी जीप आली आणि गावागावांत भित्तिपत्रकं लावत गेली. बसथांब्याजवळच्या लहानूच्या चहाच्या टपरीवरही एक चिकटवलं. लहानूने रस्त्यापलीकडून हाक मारली.

"उमाटेभाऊ! तुमचा माल लागला न जी इथं!"

रूपराव चपला न घालताच धावले. वशिंडावर बसलेली गोमाशी, पंखांवरच्या शिरा मोजून घ्याव्यात इतकी लख्ख. त्यांचा सतरा नंबरचा फोटो. तो त्यांनीच काढला होता यावर क्षणभर त्यांचाच विश्वास बसेना, इतका तो सुंदर होता. मूळ फोटोत कडेला, धूसर, हसणारे नानाजी होते. इथे तेवढा भाग कापला होता. मग त्यांनी खालची अक्षरं वाचली.

सर्राग्रस्त बैल. मालक नानाजी झाडे, मौजा हिंगणी, जिल्हा वर्धा. अशा जनावरांपासून आपली गुरे दूर ठेवा.

आणि कोपऱ्यात, बारीक टाइपात: छायाचित्र, डॉ. प्रभाकरराव.

जे नाव यायचं होतं ते आलं नव्हतं आणि जे यायचं नव्हतं ते जाड अक्षरात आलं होतं. टपरीवर चार माणसं उभी होती. त्यातला एक म्हणाला, "म्हंजे झाडेबुवाचा बैल रोगी हाय? अन् आमची ढोरं त्याच पान्यावर जातेत!"

"रोगी नाई, बाप्पा," रूपराव म्हणाले. "डॉक्टरनं माह्यासमोर रगत पाह्यलं. चांगला हाय."

"मंग फोटो काऊन आला?" लहानूने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

संध्याकाळी नानाजी आले. बैल नव्हते सोबत. हातात ते भित्तिपत्रक होतं, भिंतीवरून ओढताना मधोमध फाटलेलं. ते बाकड्यावर बसले नाहीत.

"डॉक्टरले माहं पुरं नाव कसं माहीत? मौजा, मालक, सारं?"

रूपरावांना खोटं बोलता आलं असतं. डॉक्टर महिनाभर गावात होता, कुणीही सांगितलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मी लिवलतं. मागं. पन नान्या..."

"वशिंडावर हात ठेवलता तू."

"मी त्याले सांगतलं होतं, छापू नका म्हून..."

"म्हंजे लिवलं तू अन् सांगतलं बी तू." नानाजींनी पत्रकाचे दोन्ही तुकडे बाकड्यावर ठेवले, एकाशेजारी एक, जोडून. "त्यानं मले फसवलं नाई रूप्या. तो मले कोन लागते?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने रूपराव नागपूरला गेले. दुपारी दोन वाजता डॉक्टर भेटले. त्यांनी चहा मागवला.

"निरोगी बैलावरची माशी पाहून शेतकरी घाबरेल का? सांगा बरं," ते म्हणाले. "भीती बसली पाहिजे. आणि नाव-गाव दिलं की लोकांना खरं वाटतं."

"पण तो बैल निरोगी आहे! तुम्ही स्वतः रक्त तपासलं."

"एका बैलाचं काय घेऊन बसलात? शेकडो बैल वाचतील यातून."

"आणि मागचं छापायचं नव्हतं. तुम्ही म्हणाला होता."

डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला, सतरा नंबरची प्रिंट काढली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. "अक्षर तुमचंच आहे ना? मी मनाचं काही घातलेलं नाही."

निगेटिव्ह पुण्याला वरिष्ठांकडे गेलेली होती, ती आता परत मिळणं कठीण. फोटोखालचं नाव वरूनच तसं आलं, असं डॉक्टर म्हणाले. पवळ्या निरोगी आहे असं लिहून द्या, एवढं तरी रूपरावांनी मागितलं. डॉक्टरांनी वहीतला कागद फाडला आणि दोन ओळी लिहिल्या. सही केली, शिक्का मारला नाही. "शिक्का मारून लिहिलं तर भित्तिपत्रक खोटं ठरेल. तुम्हाला समजतंय ना?"

रूपरावांना समजत होतं. शिक्क्याची किंमत त्यांच्याइतकी कुणाला कळणार होती?

पोळ्याच्या दिवशी मारुतीसमोर तोरण बांधलं. नानाजी जोडी सजवून घेऊन आले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, डोक्याला बाशिंग. ते पाटलांच्या जोडीशेजारी उभे राहायला गेले तेव्हा आधीच तिथे उभ्या असलेल्या चार जोड्या बाजूला सरकल्या. जागा द्यायला नव्हे. पाटील जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "नानाजी, औंदा घरीच पूजा ना जोडी. लोकं भेतेत."

रूपराव पुढे झाले, कागद वाचून दाखवू लागले. दोन ओळीच होत्या, पण त्याही पुऱ्या ऐकून घेतल्या गेल्या नाहीत.

"कागद काय, कोनीबी लिवते," मागून आवाज आला. "फोटो कोनी लिवते का? तुमीच तं म्हनता उमाटेभाऊ, फोटो खोटं बोलत नाई."

नानाजींनी कासरा फिरवला. बैलांना काय कळणार? ते तोरणाकडे मान वळवून पाहत होते, कारण दरवर्षी ते तिकडेच जात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या घेऊन पोरं आणि बाप्ये गावाच्या शिवेपर्यंत ओरडत जातात, वर्षभराची पीडा बाहेर टाकतात आणि त्या वर्षी गावाला जे काही खुपलं असेल तेही त्यात जोडून देतात. रूपराव दुकान उघडत होते. आवाज जवळ आला.

"रोगराई, माश्या-डास घेऊन जाय गे मारबत! ढेकून-पिसवा घेऊन जाय गे मारबत!" आणि मग कुणीतरी नवीन ओरडलं आणि साऱ्यांनी हसत ते उचललं, "झाड्याचा पवळ्या घेऊन जाय गे मारबत! उमाट्याची माशी घेऊन जाय गे मारबत!"

मिरवणूक नानाजींच्या दारावरूनच शिवेकडे जात होती. रूपरावांनी दुकानाची फळी पुन्हा लावली.

त्यानंतर नानाजी त्यांच्याशी बोलले नाहीत. भांडलेही नाहीत. बैल घेऊन परतताना ते बसथांब्याचा रस्ता सोडून ओढ्याच्या अंगाने जाऊ लागले. पवळ्याला कधी ताप आला नाही की तो कधी अडखळला नाही. दोन पावसाळ्यांनी लोक पत्रक विसरले आणि पाटलांनी स्वतः जाऊन नानाजींना तोरणाखाली बोलावलं. नानाजी गेले नाहीत. जोडी घरीच पूजत राहिले. १९८३ मध्ये त्यांच्या मुलीचं, नलूचं, लग्न झालं तेव्हा फोटोवाला बाहेरून आणला, आणि त्याच्या एकाही फोटोत नानाजी नव्हते. कन्यादानाच्या फोटोत पाणी सोडणारा त्यांचा हात मनगटापर्यंत आला होता, तेवढाच.

१९८६ ला पवळ्या म्हातारपणाने गेला. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर नानाजी शेतातच बसल्या जागी गेले. रूपराव तिरडीमागे सगळ्यात शेवटी चालले. कुणी त्यांना पुढे बोलावलं नाही.

नवव्या दिवशी विमलाबाई दुकानात आल्या. सात वर्षांत पहिल्यांदा. बाकड्याच्या कडेवर बसल्या.

"तेरवीले ठेवाले फोटो पायजे. हार घालाले काहीतरी पायजे ना, भाऊजी. घरी एकबी नाई."

रूपराव पेट्यांकडे पाहत राहिले. आठ रोलमध्ये नानाजी किती वेळा आले असतील! बैलाची मान धरलेले, माशी हाकलणारे, विमलाबाईंकडे पाहून हसणारे. ती सारी निगेटिव्ह त्यांनी स्वतःच्या हाताने पाकिटात भरून दिली होती. मग त्यांना चाचणीच्या प्रिंट आठवल्या. पक्की प्रिंट काढण्याआधी काढलेल्या त्या प्रिंट ते टाकत नसत. पाकीट सापडलं आणि त्यात एकच धड निघाली. सतरा नंबर. पुढे वशिंडावर बसलेली माशी, लख्ख, आणि तिच्यामागे धुक्यात नानाजी.

दोन दिवस रूपराव त्या प्रिंटवरून पुन्हा फोटो काढत राहिले. बैल कापला, माशी कापली. उरला तेवढा चेहरा मोठा केला. जवळून पाहिला की तो नाहीसा व्हायचा. करड्या डागांखेरीज काही दिसत नसे. चार पावलं मागे सरकलं की डागांतून नानाजी हसू लागायचे. ब्रशने डोळे काढून द्यावेत असं एकदा मनात आलं. त्यांनी ब्रश उचलला आणि खाली ठेवला.

विमलाबाईंनी फ्रेम हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. रूपराव म्हणाले, "वैनी, जवळून नाई. तिथं दाराशी जा."

त्यांनी स्वतः फ्रेम छातीशी धरली. विमलाबाई दारापर्यंत गेल्या, वळल्या, आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"हायेत," त्या म्हणाल्या. "कोनाकडं पाहून हसून राह्यले?"

"तुमच्याकडं. तुमी चहा घेऊन आलत्या."

विमलाबाई परत आल्या. फ्रेम त्यांनी पदरात गुंडाळली. पायरी उतरता उतरता थांबल्या.

"भाऊजी, मागं काई लिवलं तं नाई ना?"

"नाई वैनी. कोरी हाय."

विमलाबाईंनी मान हलवली. मग तिथेच पायरीवर पदर सोडवला, फ्रेम उलटी केली आणि मागची बाजू उजेडाकडे धरून पाहिली.